शेजार नसलेली घरे

गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल असा जो किनारा आहे, तेथे अलीकडे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरण्याचा, म्हणजे सर्फिंगचा, खेळ रुजला आहे. तेथील लाटा सौम्य, शिकाऊ माणसाला मानवणाऱ्या. खेळाविषयी आमची काडीचीही तक्रार नाही. एकोणिसाव्या शतकात हवाई बेटांवर गेलेल्या मिशनऱ्यांनी या खेळाकडे पाहून नाक मुरडले होते. त्यांचा तो वारसा चालविण्याची आम्हांला हौस नाही. आमचा वाद आहे तो या किनाऱ्यावर, आणि शापोरा नदीच्या दक्षिणेस शिवोली-आसगावपर्यंत, पसरलेल्या देखण्या भाडेघरांशी. नेमके सांगायचे तर, त्या घरांची थोरवी गाताना जे ‘वारशाचे जतन’ म्हणून सांगितले जाते, त्या शब्दांशी.

संत्र्यांच्या वरूडात बसून समुद्राची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी परिचारिका म्हणून उत्तर गोव्यात नोकरीस लागली. तिला खोली मिळाली ती जून ते सप्टेंबर एवढ्यापुरती. ऑक्टोबरात सीझन सुरू होतो, तेव्हा खोली सोडावी लागेल, असे घरमालकिणीने पहिल्याच दिवशी सांगितले, आणि तेही अगदी मायेने. आज ती मुलगी दोन बसगाड्या बदलून कामावर जाते. ज्या गावच्या आजाऱ्यांची ती शुश्रूषा करते, त्या गावात तिला बारा महिन्यांचे छप्पर नाही. हिशेब सरळ आहे: जी खोली रात्रीच्या भावाने जाते, ती महिन्याच्या भावाने कोण देईल?

अशी काही घरे आम्ही आतून पाहिली आहेत. खोटे कशाला बोला, ती सुंदर आहेत. गिलावा खरवडून उघडा केलेला जांभा, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, घोटून चकचकीत केलेली लाल जमीन, मागच्या अंगणात निळ्या पाण्याचा तलाव. एका घरी मात्र दर्शनी दालनातील ओरातोर, म्हणजे जेथे आंजेलुसची घंटा झाली की सारे कुटुंब गुडघे टेकत असे ते लाकडी देवघर, मद्याचे प्याले मांडण्यासाठी वापरलेले दिसले. राग आला. पण त्या रागावर हा लेख उभा करण्याचे कारण नाही. ते देवघर रिकामे करून घरासोबत देऊन टाकणारे हात आपल्याच माणसांचे होते.

प्रतिपक्षाचा युक्तिवाद दुबळा नाही, म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने गोव्यात मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व अपत्यांना वारस ठरविले; 2016 पासून वारशाचा गोव्याचा स्वतःचा कायदा अमलात आहे, पण तत्त्व तेच. न्याय म्हणून ही व्यवस्था उरलेल्या भारताने शिकावी अशी आहे. तिचा परिणाम मात्र असा की तिसऱ्या पिढीत एका घराचे पंधरा मालक होतात. त्यांपैकी कोणी आखातात, कोणी मुंबईत. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या संततीला पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग मोकळा असल्यामुळे कोणी लिस्बनला, कोणी इंग्लंडात. कौलारू छप्पर दरवर्षी पावसाआधी चाळावे लागते. फुटके कौल एक पावसाळा राहिले की वाशाला पाणी लागते, मागोमाग वाळवी येते. पंधरा मालकांचे घर म्हणजे कोणाचेच नाही. अशा वेळी दिल्ली-मुंबईचा कोणी रसिक येतो, पंधरा सह्या गोळा करतो, सुतार लावतो आणि छप्पर वाचवितो. त्याने ते वाचविले, हे आम्ही मान्य करतो.

पण छप्पर म्हणजे घर काय? गोव्याच्या घराचे सर्वांत बोलके अंग म्हणजे त्याचा बलकांव. पायऱ्या चढून गेल्यावर दोन्ही बाजूंना बसायला सोपे, आणि तोंड रस्त्याकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारता यावी, मासळीवालीशी घासाघीस करता यावी, शेजारणीला घरात न बोलावताही तासभर बसविता यावे, यासाठीच ती जागा. आज त्याच बलकांवापुढे पुरुषभर उंच भिंत आहे, लोखंडी फाटक आहे आणि पहारेकरी आहे. आत बसलेला पाहुणा परवा जाणार; शेजाऱ्याचे नाव त्याने विचारावे तरी कशाला? जुन्या घरांचे शिल्प अभ्यासण्यासाठी तोरडा येथे जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेले ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे संग्रहालय आहे. ते संग्रहालय म्हणूनच उभे आहे. आपण घर असल्याचा आव आणत नाही. (जाता जाता: ज्या मंगळुरी कौलांवर हे रसिक इतके लुब्ध आहेत, ती 1865 मध्ये मंगळुरास बासेल मिशनने काढलेल्या कारखान्याची देणगी. घरे बदलतच असतात. बदलाला आम्ही भीत नाही.)

मग पाणी. हे आम्ही वरूडकरांनी सांगितलेलेच बरे. आमचा तालुका भूजलाच्या बाबतीत अतिशोषित म्हणून सरकारदरबारी नोंदलेला आहे. संत्राबागा जगविण्यासाठी बोअर किती खोल गेले, ते येथील प्रत्येक शेतकरी जाणतो. तरी आमच्या विहिरी आटतात, खारट होत नाहीत. किनाऱ्यावरील वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगत असते. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर सरकते, आणि एकदा खारावलेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही. एका तलावाच्या शोभेची किंमत पलीकडच्या माडांनी आणि हंड्यांनी मोजायची, हा कोठला सौंदर्यविचार?

बार्सिलोनासारख्या श्रीमंत नगरानेही 2024 मध्ये जाहीर केले की, पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028 नंतर चालू ठेवायचे नाहीत. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा 1982 पासून आहे. पण नोंदणी झाली म्हणजे त्या गावात माणसे राहतील अशी तजवीज झाली, असे नाही. कोणत्या वाड्यावर किती घरे रात्रीच्या भाड्याने जावीत, याची मर्यादा ठरविण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला पाहिजे, ही आमची मागणी आहे.

वसईच्या वाचकांना हे सारे परक्या मुलखातले वाटू नये. राजोडी, कळंब, अर्नाळा येथे शनिवार-रविवारची गर्दी कशासाठी होते, हे त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. 2024 मध्ये दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’साठी रस्त्यावर उतरले, तेव्हा समोर बिल्डर होता, त्याच्या हाती नकाशा होता, आणि धोका दिसत होता. आजचा गिऱ्हाईक मृदुभाषी आहे. त्याला वाडीतील आंबा तोडायचा नाही, उलट त्याखाली आरामखुर्ची मांडायची आहे. त्याच्याशी भांडणे कठीण.

तेव्हा ज्यांना घर भाडेपट्ट्याने देणे भाग आहे, त्यांनी निदान कागदात तीन कलमे घालून घ्यावीत: घराचा एक भाग बारमाही राहणाऱ्या कुटुंबास परवडेल अशा भाड्याने दिला जाईल, विहिरीतून दिवसाला अमुक इतक्यापेक्षा अधिक पाणी उपसले जाणार नाही, आणि बलकांवापुढे भिंत उभी राहणार नाही. पंधरा सह्या तर कशाही घ्यायच्याच आहेत.