देणगी हवी, पण विचारपूस नको?

परवा दुपारी भाजी निवडत होते, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर निरोप आला. ज्या कॉलेजातून १९९८ साली बाहेर पडले, त्या कॉलेजचा. ‘प्रिय माजी विद्यार्थी, मातृसंस्थेचे ऋण फेडा.’ खाली बँकेचा खाते क्रमांक. पैसे कशासाठी हवेत, अवाक्षर नाही! मला गुणपत्रिकेची दुसरी प्रत हवी होती तेव्हा माहेरचं नाव, सासरचं नाव करत याच ऑफिसनं चार हेलपाटे घालायला लावले होते. देणगी मागताना मात्र नाव आडवं आलं नाही.

मैत्रिणींनो, हे मागणं हल्लीच का वाढलं? एक कारण म्हणजे ‘नॅक’. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या या संस्थेच्या २०१७ च्या पद्धतीत माजी विद्यार्थ्यांनी किती आर्थिक मदत केली, हेही विचारलं जाऊ लागलं. त्यात २०२३ मध्ये नंदन नीलेकणींनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. मग सगळ्यांनाच आशा! पण घरखर्चातून शंभर-पाचशे बाजूला काढणाऱ्या बाईचं काय?

आपल्या सोलापूरची तर आणखी गंमत. इथलं विद्यापीठ २००४ चं. त्याआधीच्या आमच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. म्हणजे पदवी एकीकडची आणि गाव दुसरीकडचं. आम्ही माजी विद्यार्थिनी नक्की कुणाच्या?

देण्याला आपण कधी मागे नव्हतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. दिलेला पैसा कुणाच्या ताटात जातोय, हे त्यांना समोर दिसत होतं. आपल्याला निदान हिशेब तरी दिसायला हवा की नाही?

म्हणून द्यायचंच असेल तर आधी विचारा, पैसे कशासाठी? मुलींच्या स्वच्छतागृहासाठी, पुस्तकांसाठी की नुसत्या कमानीसाठी? पावती घ्याच. आयकरात ८०जी ची सवलत हवी असेल तर दोन हजारांच्या वर रोख देऊ नका. आणि घरातल्यांनी नवी करपद्धत घेतली असेल, तर ती सवलत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आम्ही चौघी मैत्रिणींनी कॉलेजला पत्र लिहिलंय. एका गरजू मुलीची वर्षाची परीक्षा फी आम्ही भरू, पण वर्षअखेरीस हिशेब कळवा. उत्तर अजून आलेलं नाही. देणगीचा निरोप मात्र काल पुन्हा आला!