घर दाखवताना भिंत रिकामी करावी काय?

आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. संगमनेरात विड्या वळण्यात त्यांचे आयुष्य गेले. मांडीवरचे सूप, पाने-तंबाखू आणि आठवड्याचा हिशेब यांतून त्यांनी व त्यांच्या कालकथित पतींनी दोन खोल्या आणि पुढे पडवी असे घर उभे केले. मुलगा चाकणला कंपनीत आहे. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून घर विकून मुलाकडे जायचे ठरले. एका रविवारी दुपारी त्या आमच्याकडे आल्या. चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावीनात. म्हणाल्या, "भाऊ, एजंट म्हणतो, गिऱ्हाईक यायच्या आधी भिंतीवरचे बाबासाहेब काढून ठेवा. काढू का?"

वाचकहो, हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. घर विकायला काढलेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांत तो दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून येथे मांडीत आहोत.

एजंटाने दिलेली यादी आम्ही पाहिली. घराला आतबाहेर चुना मारा. माळ्यावरच्या गोधड्या व मोडकी खाट हलवा. मोरी घासून घ्या. गेलेले दिवे बदला, गिऱ्हाईक सकाळच्या उजेडात बोलवा. इथपर्यंत त्याचे काहीच चुकले नव्हते. विकणाऱ्याने घर नीटनेटके दाखवावे यात फसवणूक नाही. बाजारात भाजीवालीसुद्धा मेथीच्या जुड्यांवर पाणी मारून बसते. अमेरिकेत तर १९७० नंतरच्या काळात हा एक स्वतंत्र धंदाच झाला. विकाऊ घरात भाड्याचे सोफे आणून मांडतात, फुले ठेवतात आणि घरमालकाची कौटुंबिक छायाचित्रे उतरवतात. घर पाहणाऱ्याला तेथे स्वतःचा संसार दिसावा, हा त्यामागचा हेतू.

तेव्हा एजंट अमेरिकेतलेच सांगतो आहे, असे कोणी म्हणेल. आम्हालाही क्षणभर तसे वाटले. पण त्याच एजंटाने पलीकडच्या आळीत एक घर विकायला घेतले होते. तेथे देवघर जसेच्या तसे होते. उलट, गिऱ्हाईक येईल त्या वेळी समई लावून ठेवा, घर प्रसन्न दिसते, असे त्याने त्या घरमालकिणीला सांगितले होते. म्हणजे एका भिंतीवरची तसबीर घर प्रसन्न करते आणि दुसऱ्या भिंतीवरची भाव पाडते! दारावरची नावाची पाटीही त्याने मावशींना उतरवायला सांगितली होती. मग गिऱ्हाइकाला दिसू द्यायचे नव्हते ते काय, हे वेगळे सांगायला नको.

मुलाचे म्हणणे आम्ही उडवून लावले नाही. तो समंजस आहे. तो म्हणाला, "काका, बाबासाहेब दोन रविवार ट्रंकेत राहिले म्हणून आमच्या मनातून जाणार आहेत का? लाखभर रुपये कमी आले तर चाकणच्या घराचा हप्ता वाढेल, तो मला फेडायचाय." यावर मोठमोठी वाक्ये फेकणे सोपे होते. तोटा झाला तर तो त्याचा व मावशींचा होणार होता, आमचा नव्हे, हे बोलताना आमच्या ध्यानात होते.

म्हणून आम्ही हिशेबाचेच बोललो. नाव लपत नसते. गिऱ्हाईक आज तसबीर पाहणार नाही, पण उद्या मिळकत पत्रिका मागेल, तीवर आडनाव वाचेल आणि शेजारी चौकशी करील. ज्याला तसबिरीची अडचण आहे त्याला आडनावाचीही होणारच. फरक इतकाच की तोवर इसार घेतलेला असेल, दुसरी गिऱ्हाइके परत पाठवलेली असतील आणि मग इसाराची रक्कम कोणी कोणाला परत करायची यावरून तंटा होईल. परतणारा दारातूनच परतलेला बरा. शिवाय तिसरी एक गोष्ट आम्ही मावशींना सांगितली. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ साली विद्यार्थी असताना राहिले होते. ते घर विक्रीस निघाल्यावर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तीस लाख पौंडांहून अधिक किंमत मोजून ते घेतले. मावशी हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या घराचा भाव वाढवून सांगू का?"

तसबीर राहिली. रंगाऱ्याने चुना मारताना ती खाली घेतो म्हटले, तर मावशींनी तेही करू दिले नाही. त्याने बिचाऱ्याने कडेकडेने कुंचला फिरवला.

मागच्या खोलीच्या उत्तरेकडील भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. एजंटाचा सल्ला असा की, तेथे कपाट लावा. याला मात्र आम्ही साफ विरोध केला. तसबीर काढणे हा मानाचा प्रश्न. ओल झाकणे हा कायद्याचा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५५ नुसार, जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. हे मालकीहक्कातील दोषालाही लागू आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पुढच्या पावसाळ्यात त्या भिंतीजवळ कोणाचे तरी लेकरू झोपणार असते.

खरे घर सजवायचे असते ते कागदांत. मावशींकडे पिशवीभर कागद होते, पण मिळकत पत्रिकेवर नाव अजून पतींचेच. वारस नोंद झालीच नव्हती. मावशींना दोन मुलीही आहेत. मुलाच्या डोक्यात त्या नव्हत्याच! हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ आपल्या बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मिळकतीत पत्नी, मुलगे व मुली यांचा सारखा वाटा असतो. मुलींनी खरेदीखतावर सह्या केल्या पाहिजेत किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले पाहिजे. साडी-चोळी देऊन बहिणींची सही घेण्याची रीत आपल्यातही शिरली आहे, ती आम्हाला पसंत नाही. मावशींनी दोघींना बोलावून रक्कम सांगितली. थोरलीने वाटा घेतला, धाकटीने आईच्या औषधासाठी ठेवला.

खेड्यांतील वाचकांनी आणखी एक पाहावे. आपली कित्येक घरे व जमिनी जुन्या महार वतनाच्या जागेवर आहेत. या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली व जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या शर्तीने. अशी जमीन विकायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असे दिसले तर इसार घेण्याआधी तलाठ्याला व जाणत्या वकिलाला विचारा. नंतर धावपळ करून उपयोग नाही.

आणि पैसे बँकेतूनच घ्या. जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास २०१५ पासून मनाई आहे. घेणाऱ्यालाच तेवढा दंड होऊ शकतो.

आता काय झाले ते सांगतो. पहिले गिऱ्हाईक पडवीतूनच आत डोकावले, तसबिरीकडे पाहिले, पाणी किती वेळ येते हे विचारले आणि गेले ते गेलेच. दुसऱ्याने घर आवडल्याचे सांगितले व तिसऱ्या दिवशी एजंटाकरवी निरोप धाडला की, घरच्यांना दिशा पटली नाही. त्या आठवड्यात मुलगा आमच्याशी नीट बोलत नव्हता. तिसरे कुटुंब मुस्लिम होते. नवरा गॅरेजात काम करणारा, बायको शिवणकाम करणारी. बाईंनी मोरी पाहिली, माळा पाहिला, मशीन खिडकीशी बसेल का ते हाताने मोजले. मावशी स्वतःच त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेल्या आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "इथं ओल येती, आधीच सांगते." त्या ओलीचे वीस हजार कमी झाले. एजंट चिडला. मुलाने मात्र या वेळी आईची बाजू घेतली.

खरेदीखत बाईंच्या नावे झाले. निवासी जागा स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत २०२१ पासून आहे, ती त्यांना मिळाली. दुय्यम निबंधक कार्यालयात मावशींच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. विड्या वळून रेषा झिजलेल्या. चौथ्या खेपेला अंगठा लागला. तसबीर मावशींनी टेम्पोत ठेवू दिली नाही, मांडीवर घेऊन गेल्या. नगरपालिकेत घरपट्टीवरचे नाव बदलणे तेवढे बाकी आहे, त्यासाठी मुलगा सोमवारी रजा टाकून येणार आहे.