गार मासा

दर रविवारी : हिंडणं-फिरणं
– तापीकाठचा मुसाफिर

"बाबा, हा मासा इतका गार का आहे?"

तीन उन्हाळ्यांपूर्वी कोकणातल्या एका किनाऱ्यावर, होडीत बसून माझ्या धाकटीने हा प्रश्न विचारला. किनाऱ्याचं नाव सांगत नाही, कारण असा किनारा एकच नसावा. तिच्या गळाला बांगडा लागला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तीन मोबाइल पुढे सरसावले. आमच्यातल्या एकाने तर लगेच जळगावच्या ग्रुपवर फोटो टाकलाही. पोरीने मात्र मासा हातात धरला आणि तिच्या तळव्याला जे कळलं ते ती बोलून गेली. बांगडा बर्फातून काढल्यासारखा गार होता, कारण तो बर्फातूनच काढलेला होता. होडीच्या मागच्या टोकाला बसलेला पोऱ्या आम्ही डॉल्फिन शोधत असताना दोरी वर ओढायचा, थर्माकोलच्या खोक्यात हात घालायचा आणि पुन्हा दोरी पाण्यात सोडायचा. त्या दिवशी सहा जणांना सहा मासे लागले. सहाही बांगडे, सहाही एकाच मापाचे.

मी चिडलो, भांडायच्या तयारीने उठलोही. पण परतीच्या वाटेवर गाडीत शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, की त्या पोऱ्याने आम्हाला फसवण्याआधी आम्हीच त्याला तसं करायला भाग पाडलं होतं. एजंटाशी फोनवर बोलताना आमचा पहिला प्रश्न होता, "मासा लागेल ना नक्की?" दुसरा, "नाही लागला तर पैसे परत?" मग त्यानेही पॅकेज काढलं : डॉल्फिन दर्शन, किल्ला दर्शन आणि 'हमखास मासा'. गिऱ्हाइकाने हमी मागितली, दुकानदाराने ती बर्फातून काढून दिली.

आम्हा खानदेशी माणसांचा हा स्वभावच म्हणा. कापसाचं वजन स्वतः काट्यापाशी उभं राहून बघायचं, केळीचा घड हाताने उचलून पाहायचा. पैसा मोजला तर माल दिसला पाहिजे. बाजारात हे शहाणपण आहे. पण हाच माणूस आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावच्या पारावर पत्ते कुटायला बसतो तेव्हा जिंकायची हमी मागतो का? रात्रभर हरतो, पहाटे कपडे झटकत उठतो आणि पुढच्या आखाजीला पुन्हा बसतो. तिथे त्याला ठाऊक असतं की आपण पानं खरेदी केलेली नाहीत, डावात बसण्याची जागा घेतलीय. समुद्रात गळ टाकणं हे पत्त्यांच्या जातीचं काम आहे, काट्याच्या नव्हे. माझं म्हणणं एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. तीन कुटुंबं, दोन गाड्या, चौदा माणसं. जळगावहून अजिंठा घाट चढून संभाजीनगर, पुणे, कोल्हापूर आणि मग घाट उतरून मालवण, म्हणजे सातशे किलोमीटरच्या पुढचा पल्ला. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कळण्याच्या पुऱ्या. सोबत शिरपूरचे मामा, वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारे. मालवणच्या दक्षिणेला देवबाग. जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर आम्ही उतरलो. ज्या घरी मुक्काम होता, त्यांच्याच ओळखीने एक तांडेल मिळाला. त्याच्याशी बोलताना सवयीने माझ्या तोंडून तोच प्रश्न गेला. तो हसला.

"मासो काय माझ्या खिशात हा? असलो तर लागतलो, नसलो तर नाय. पैशे दोन तासांचे, तेलाचे आणि माझे. माशाचे नाय."

इतका सरळ व्यवहार मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. तिथेच ठरलं.

पहाटे साडेपाचला निघालो. फायबरची होडी, मागे इंजिन. रॉड नाही की चक्री नाही. रिकाम्या पाण्याच्या बाटल्यांना गुंडाळलेली तंगूस, टोकाला शिशाचं वजन, त्याच्या वर दोन गऱ्या. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणं. आमिष म्हणून सोललेल्या कोळंबीचे तुकडे. सरळ नाही अडकवायचे, गरीचं टोक आत लपेल असे ओवायचे. हे पहिल्या दोन मिनिटांत जमतं असं वाटतं आणि पुढची वीस मिनिटं जमत नाही. खडकांचा पट्टा आला तसं त्याने इंजिन बंद केलं, नांगर टाकला. हात पसरून दोरी मोजली : पाच वाव. माणसाने दोन्ही हात फैलावले की एक वाव. एवढ्या खोलीवर शिसं तळाला टेकतं, मग हातभर वर घ्यायचं आणि तंगूस पहिल्या बोटावर धरून गप्प बसायचं.

गप्प बसणं हीच आमची पंचाईत. तांडेल धाकटीला म्हणाला, "घाई करू नको गो बाय. ल्हान मासो टुक-टुक करता, त्येका खावक दी. मोठो इलो की तोच वडतलो, मगे तू वड." ती पाण्याकडे न बघता बोटाकडे बघत बसली. बाकीचे आम्ही दर टुक-टुकला दोरी ओढत होतो आणि रिकाम्या, चाटूनपुसून साफ केलेल्या गऱ्या वर घेत होतो. कोळंबी फुकट खिलवण्याचा हा कार्यक्रम तासभर चालला. दरम्यान वहिनींना मळमळायला लागलं. निघताना तिखट चटणीशी दशमी खाल्ली होती, तिने दगा दिला. समुद्रावर जायच्या आदल्या रात्री गोळी घ्यावी, सकाळी पोटात सुकं काहीतरी असावं आणि नजर होडीत न ठेवता लांब क्षितिजावर ठेवावी. हे तांडेलाने सांगितलं, पण तेव्हा उशीर झाला होता.

मामा होडीच्या मधल्या फळीवर हात घट्ट धरून बसले होते. चहूकडे पाणी. बराच वेळ बघून झाल्यावर म्हणाले, "इतलं पानी शे, पन कपाशीले एक थेंब कामना नही." तांडेलाला अहिराणी कळली नाही, पण मामांच्या चेहऱ्यावरून अर्थ कळला असावा. त्याने विचारलं, तुमच्याकडे नदी नाही का? मामा म्हणाले, आहे की, तापी. आणि मग मलाच आठवलं की आमची तापी मुलताईला उगम पावून सातशे चोवीस किलोमीटर वाहत जाते आणि सुरतेच्या पुढे डुमसजवळ समुद्राला मिळते. म्हणजे आमचा खरा समुद्र गुजरातेत. जळगावहून रेल्वेने सुरत काही तासांवर आहे. पण खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी अफाट, किनारा चिखलाचा, तिथे बायकापोरं घेऊन गरवायला कोण जाणार? म्हणून आमच्या नदीचं पाणी एकीकडे जातं आणि आम्ही दुसरीकडे.

पहिला मासा लागला तो केंड. वर येताच त्याने हवा भरून घेतली आणि चेंडूएवढा झाला, पोटावर बारीक काटे. पोरं किंचाळली. तांडेलाने गरी सोडवून त्याला पाण्यात फेकला. हा विषारी, खायचा नाही आणि जाळ्यात घुसला तर दातांनी जाळंच कुरतडून टाकतो. बोलता बोलता इतर गोष्टी निघाल्या. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर २०१६मध्ये राज्याने निर्बंध घातले, तरी त्यावरची भांडणं मिटलेली नाहीत. लहान होडीवाल्याला मासा पूर्वीसारखा मिळत नाही. "म्हणून तुमका फिरवतंय," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नव्हे, हिशेब सांगावा तसा.

आणि मग धाकटीची तंगूस ताणली गेली. तिने ओढली नाही, सांगितलं होतं तशी थांबली. पुन्हा ताणली, तेव्हा ओढायला लागली. बोटाला तंगूस कापत होती, पण ती मदत घेईना. वर आला तो वीतभर करकरा, चंदेरी, पाठीवर काळसर ठिपके. तांडेलाने ओल्या फडक्यात धरून तिच्या हातात दिला. मासा आवाज करत होता. खरंच, दात खाल्ल्यासारखा कर्र-कर्र. म्हणूनच नाव करकरा. पोरगी घाबरली, पण सोडला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, हा गार नाहीये."

मेमधलं कोकणचं पाणी अंगाला गार लागत नाही, आणि मासा त्या पाण्याइतकाच उबदार असतो. हे शाळेच्या पुस्तकात असेलही. तिला ते दोन वर्षांनी, हातात कळलं.

करकरा लहान होता. तांडेल म्हणाला, हवा तर घ्या. ती म्हणाली, नको. सोडला. दोन तासांत चौदा जणांत मिळून एक केंड, एक करकरा, दोन बोटभर तांबोशी आणि एक शेंगटी. शेंगटीला तांडेलाने आम्हाला हातच लावू दिला नाही, कारण तिच्या पंखांचा काटा घुसला तर हात दिवसभर ठणकतो. ती तेवढी होडीत राहिली, बाकी सगळं परत पाण्यात. रात्री जेवायला सुरमई होती, बाजारातून विकत आणलेली. कुणाला काही कमी वाटलं नाही.

अमेरिकेत टेक्सासला असलेल्या भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे हा मोठा उद्योग आहे. गॅलव्हस्टनसारख्या बंदरातून उन्हाळ्यात मित्रमंडळींनी, घरच्यांनी मिळून बोट भाड्याने घ्यायची आणि खोल समुद्रात जायचं. पण मेक्सिकोच्या आखातात सरकारी हद्दीत रेड स्नॅपर माणशी दोनच, आणि सोळा इंचांहून लहान लागला तर पाण्यात परत. पैसे कितीही मोजले तरी. आपल्याकडेही २०२३मध्ये राज्याने चोपन्न जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. बोंबलाला १८० मिलिमीटर, सुरमईला ३७०. पर्यटकांच्या होडीत कुणी पट्टी घेऊन बसणार नाही, पण पोरांसमोर आपण काय पिशवीत टाकतो आणि काय सोडतो, एवढं तरी आपल्या हातात आहे.

तारखांचं एक सांगायला हवं, कारण खानदेशातली माणसं इथेच चुकतात. आखाजी कधी एप्रिलच्या अखेरीस येते, कधी मेच्या दुसऱ्या आठवड्यात. २०२४ला ती १० मेला होती. माहेरवाशिणी परतल्या, लग्नं आटोपली की मग आपण निघतो, म्हणजे मेचा शेवटचा आठवडा. त्याच सुमारास सिंधुदुर्गातलं जलपर्यटन बंद होतं. पर्यटकांच्या होड्या साधारण २५ मेनंतर काढून ठेवतात आणि सप्टेंबरात पुन्हा उतरवतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी होड्यांना मासेमारी बंद, तो माशांच्या विणीचा काळ. त्यामुळे त्या शेवटच्या आठवड्यात जो एजंट 'चालतं, नेतो' म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नये. समुद्र तेव्हा उचलायला लागलेला असतो. २४ मे २०२२ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनारा दिसत असताना उलटली आणि दोघांचा जीव गेला. मेचा पहिला पंधरवडा साधा, नाहीतर दिवाळीनंतर जा. इकडे पूर्वहंगामी कपाशीची लगबग मेअखेर सुरू होते, त्यामुळे लवकर जाणं तसंही सोयीचं.

आणि लाइफ जॅकेट. आमच्या होडीत पुरुषांनी ती उपरण्यासारखी खांद्यावर टाकली होती, पट्टे मोकळे. फोटोत पोट दिसतं म्हणे. तांडेलाने इंजिन सुरूच केलं नाही. "आधी पट्टो." आमच्यातल्या चौघांना तरी पोहता येत नव्हतं. मामांना येतं, ते पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत शिकले. आमच्या पिढीच्या वाट्याला विहिरीऐवजी बोअरवेल आली, त्यात कोण पोहणार? मामांनी मात्र सगळ्यांत आधी पट्टे आवळले होते.

परतल्यावर मामांमध्ये एक बदल झाला. पूर्वी हतनूर किंवा गिरणा धरणावरून आलेला रोहू, कटला, मरळ घेताना ते फक्त भाव विचारायचे. आता भोई बांधवांना विचारतात, कुठे लागला, जाळ्यात की गळाला, किती वाव पाण्यात. भोई हसतात, पण सांगतात. धरणं इथे, जाळी इथे, माणसं इथे आणि आपल्याला प्रश्न विचारायला देवबागला जाऊन यावं लागतं, हे मला जरा खटकलं. पण मामांना नाही खटकलं.

परवा शिरपूरच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत गेलो. सुकट, जवळा, बोंबील, उन्हात दरवळणारे. मामांनी एक बोंबील उचलला, अंगठा आणि करंगळी ताणून वीत लावली, पुन्हा लावली, आणि विक्रेतीला गंभीरपणे विचारलं, "हाई एकशेऐंशी मिलिमीटर शे का?"

तिने एकवार त्यांच्याकडे पाहिलं, एकवार माझ्याकडे.

"लेवानं व्हई ते ले, नही ते पुढे व्हय."