कटोऱ्यातला मासा

मी भात सोडलाय, हे ज्या संध्याकाळी जाहीर केलं, त्या संध्याकाळी आमच्या गच्चीवर माशाची पाच कालवणं होती आणि भाताचं पातेलं एकच होतं. बंगाली काकूंचं मोहरी वाटून केलेलं. आंध्रच्या वहिनींचं चिंचेचं चेपल पुलुसु. केरळच्या सिस्टरचं कुडमपुळी घातलेलं, लालभडक. ओडिया शेजाऱ्यांचं माछ बेसर. आणि आमचं वेंगुर्ल्याच्या पद्धतीचं, तिरफळं ठेचून. पाच प्रांतांच्या पाच तऱ्हा, पण प्रत्येकाचा हात वळत होता त्या एकाच पातेल्याकडे. मी म्हटलं, ‘मला नुसता मासा वाढा.’ बंगाली काकूंनी डाव हवेतच थांबवला आणि हळूच विचारलं, ‘तबियत तो ठीक है ना?’

भिलाईतलं मे महिन्याचं गेट-टुगेदर हे असं असतं. पुण्या-बंगळुरूला गेलेली पोरं नातवंडांना घेऊन येतात, दिवसभर कूलरसमोर लोळतात, आणि ऊन उतरलं की गच्चीवर पाणी मारून सतरंज्या पडतात. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला १९५५ साली, पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत देशभरातून माणसं इथे येऊन सेक्टर-सेक्टरच्या क्वार्टरांत स्थिरावली. त्यांत माझे बाबाही होते. समुद्र सोडून आलेली माणसं या गावात इतकी आहेत, की आमच्या रांगेत माशावाचून रविवार उजाडत नसे. आणि मुलूख कुठला, तर छत्तीसगढ, धान का कटोरा. अशा कटोऱ्यात बसून मी केटो करायला निघाले होते.

केटोचा हिशेब समजायला सोपा आहे. पिष्ट आणि साखर मिळून दिवसाला वीस ते पन्नास ग्रॅमच्या आत ठेवायचं, आणि पोट भरायचं ते मुख्यतः स्निग्ध पदार्थांनी. साखर मिळेनाशी झाली की यकृत चरबीपासून कीटोन बनवतं आणि शरीर त्यावर चालायला लागतं. शिजलेल्या भातात शंभर ग्रॅमला साधारण २८ ग्रॅम पिष्ट. म्हणजे आमच्या घरच्या दोन डावांतच दिवसाचा कोटा संपून वर उधारी. गंमत म्हणजे हा आहार वजनासाठी निघालाच नव्हता. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो सुचवला अपस्माराच्या रुग्णांसाठी. उपासाने झटके कमी होतात हे माहीत होतं. मग उपाशी न ठेवता शरीराला उपास घडल्यासारखं वाटायला लावायचं, ही त्यामागची युक्ती. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात लहान मुलांना तो आजही देतात, वजनकाट्यावर मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तो दवाखान्यातून निघून लग्नाच्या पंगतीत कसा पोचला, देव जाणे.

मी मात्र खूश होते. माशात पिष्ट जवळजवळ शून्य. सुरमई खा, बांगडा खा, कोळंबी खा. फक्त तळताना वरचं तांदळाचं पीठ आणि रवा वगळायचा. तिसऱ्या-कालवांत थोडं पिष्ट असतं, पण भिलाईत तिसऱ्या मिळतात कुणाला? सोलकढी चालते. खोबरं चालतं, नव्हे, तेच लागतं, कारण नुसता मासा खाऊन केटो होत नाही. पापलेट, बोंबील हे तसे कोरडे जीव. तेल बांगड्यात, तारलीत. आपल्याकडे केटोच्या नावाखाली जे चालतं ते बहुतेक वेळा भात-पोळी बंद आणि चिकन-अंडी दुप्पट, एवढंच असतं. असो. मालवणी माणसाला कुणी सांगावं की बाई, तू आता मासे आणि खोबरं खा, यापरतं सुख नाही. माझ्यासोबत सुरू करणार होती त्या मैत्रिणीला मात्र तिच्या डॉक्टरांनी ठाम नकार दिला. ती मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन घेते. त्या जातीच्या गोळ्यांवर असताना केटो केलं तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि साखर फारशी चढलेली नसल्याने ते लवकर कळतही नाही. तिने भात चालू ठेवला आणि माझ्याकडे दयेने पाहायला लागली.

तर, खुशीत मी पिशवी घेऊन सुपेल्याच्या बाजारात गेले आणि म्हटलं, ‘भैया, ताजी सुरमई.’ तो हसला. ‘मॅडम, मई में ताजा समुंदर?’

इतकी वर्षं या गावात मासे खाऊन मला हे तारखेनिशी कुणी सांगितलं नव्हतं, की मी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे समुद्राचा मासा येतो तो मुख्यतः विशाखापट्टणमकडून, साडेपाचशे किलोमीटरवरून, बर्फात. आणि पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १५ एप्रिल ते १४ जून बंदी असते, माशांच्या विणीसाठी. म्हणजे ज्या दोन महिन्यांत आमच्या गच्च्या भरतात, नेमके तेच. पश्चिम किनारा ३१ मेपर्यंत चालू असतो, मग तिथलीही बंदी ३१ जुलैपर्यंत. म्हणजे मे महिन्यात माझ्या पुढ्यात जी सुरमई होती ती एक तर अरबी समुद्रातून अर्धा देश ओलांडून आलेली, नाही तर शीतगृहात दिवस मोजत पडलेली. डोळे बघितले. माझ्या आत्याच्या शब्दांत सांगायचं तर, मोतीबिंदू झालेले.

शेजारच्या टपात मात्र काळसर पाठीचा एक कतला शेपूट आपटत होता. इथे त्याला नुसतं ‘जिंदा’ म्हणतात. ‘सुबह तालाब से निकला है.’

आता इथे मला बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा भिलाईत अठ्ठावीस वर्षं राहिले आणि त्यांनी तळ्यातला मासा एकदाही तोंडात घातला नाही. ‘गोड्या पाण्यातलो मासो? तेका चव खंयची?’ रोहूच्या तुकड्याला ते ‘चिखलाचो गोळो’ म्हणत. विशाखापट्टणमची मासळी आली की तिच्या वाटेतल्या दिवसांचा हिशेब करत, तरी घेत, समुद्राची ना! कारखान्यात ते रेल मिलमध्ये होते. आई चिडवायची, की ज्या रुळांवरून तुमचा शिळा बांगडा येतो ते रूळ तुम्हीच पोळीसारखे लाटलेत, आता खा. ही ऐट मी वारशात घेतली. लग्न होऊन याच गावात राहिले, कितीतरी बंगाली घरांत जेवले, पण रोहू-कतला पुढे आला की आलू उचलायची आणि रस्सा भातावर घ्यायची. आता आलूही बंद, भातही बंद. उरला मासा.

तो कतला मी घरी आणला. केटोनेच आणवला म्हणा.

चिखलाचा वास, हे बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. तळ्यातल्या शेवाळ्यात आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांत जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते माशाच्या चरबीत मुरतं. आपलं नाक त्याला इतकं तिखट, की कणभरही लपत नाही. पण हेच द्रव्य पहिल्या पावसानंतर मातीतून उठतं आणि आपण डोळे मिटून मृद्गंध मृद्गंध करतो. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात ज्या वासासाठी अख्खी भिलाई आभाळाकडे डोळे लावून बसते, तोच माशात आला की आपण नाक मुरडतो. जिओस्मिन आंबटात टिकत नाही, हे कळलं तेव्हा मला बरीच कालवणं एकदम उलगडली. वहिनींची चिंच, सिस्टरची कुडमपुळी, आमचं कोकम, आणि इथल्या बायका कालवणात घालतात ती कैरी. (छत्तीसगढीत माशाच्या कालवणालाही ‘साग’च म्हणतात, ‘मछरी साग’. आल्या आल्या आईचा यावरून चांगलाच गोंधळ उडाला होता.) मी कतल्याच्या तुकड्यांना मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ चोळून अर्धा तास ठेवलं, मग खोबरेल तेलात नुसतेच परतले. पोटाकडचा तुकडा तर लोण्यासारखा. बाबांच्या फोटोकडे पाठ करून खाल्ला.

मग या तळ्यांचा शोध लागला, म्हणजे मला लागला. ती आपली शतकानुशतकं जागेवरच होती. आमच्याच दुर्ग जिल्ह्यात धमधा नावाचं गाव आहे, ‘छै आगर छै कोरी’ तळ्यांचं म्हणून ओळखलं जाणारं. कोरी म्हणजे वीस. सहा वीसा आणि वर सहा, एकशे सव्वीस तळी. वैशाखात पाणी खाली जातं, मासा हाती लागणं सोपं होतं आणि केवट-ढीमरांची जाळी पडतात. म्हणजे इथला खरा ताजा मासा उन्हाळ्यातलाच. नदी आणि जलाशयांतल्या मासेमारीवर छत्तीसगढात बंदी येते ती १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत. पूर्वेचा समुद्र १५ जूनला उघडतो आणि दुसऱ्या दिवशी इथलं गोडं पाणी मिटतं. जणू दोघांनी पाळी वाटून घेतली आहे. सगळं डोळ्यांसमोर असताना मी मे महिन्यात सुरमई मागत होते.

आत्याची पेटी आली ती याच सुमारास. वेंगुर्ल्याहून दर मे अखेरीस येते, पावसाळ्याची बेगमी. उघडून मी दोन ढीग केले. कुळथाचं पीठ, फणसपोळी, आंबापोळी: बाद. काजूही मुठीमुठीने खायचे नाहीत, त्यांत पिष्ट पुष्कळ. आमसुलं, आगळ, सुकट, सोडे, खारा बांगडा: पास. नवऱ्याने पहिला ढीग स्वतःकडे ओढून घेतला आणि माझ्या प्रकृतीला मनापासून शुभेच्छा दिल्या.

त्या खाऱ्या बांगड्याने मला वाचवलं, हे मात्र गंमत म्हणून सांगत नाही. केटोच्या पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं, ते चरबीचं नसतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी धरलेलं असतं. साखर संपली की पाणी जातं, आणि त्यासोबत मूत्रपिंडं मीठही सोडायला लागतात. थंड हवेच्या देशांत यावर डोकं दुखतं, थकवा येतो, त्याला केटो-फ्लू म्हणून चार दिवस पडून राहतात. इथे बाहेर नवतपा लागलेला. रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरल्यावरचे ते नऊ दिवस विदर्भातल्या वाचकांना सांगायला नकोत. आधीच घामावाटे मीठ जाणार, त्यात मी आतूनही नळ सोडून ठेवलेला. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता डोळ्यांपुढे काजवे चमकले. निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा आणि मीठ घातलेलं ताक, यांवर सावरले. रक्तदाब असलेल्यांनी हे करायला जाऊ नये, त्यांचं मिठाचं गणित वेगळं असतं.

काजवे चमकले तेव्हा घरात आमच्याकडे धुणी-भांडी करणारी बाई होती. तिने मला भिंतीला टेकवून बसवलं आणि म्हणाली, ‘घाम लग गे हे.’ मी म्हटलं, घाम कुठे, अंग कोरडं आहे. छत्तीसगढीत घाम म्हणजे ऊन, हे जन्मभर इथे राहूनही माझं मराठी डोकं ऐनवेळी विसरतं. तिने स्वतःच्या डब्यातली बासी काढली. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवलेला, वर मीठ, सोबत कच्चा कांदा आणि हिरवी मिरची. २०२२ साली इथल्या सरकारने १ मेला, कामगार दिनाला, सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं, तेव्हा साहेबलोकांनी काचेच्या बाऊलमधून खाऊन फोटो काढले होते. तिचा डबा साधा जर्मनचा. मी म्हटलं, ‘मी भात नाही खात गं सध्या.’ ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘भात नइ खाथव त जीथव कइसे, दीदी?’

तिला केटो समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. चरबी जळते, वगैरे. ऐकून घेतलं तिने. मग बोटांनी भात एका बाजूला दाबून धरला आणि वरचं खारट पाणी वाटीत गाळून माझ्या हातात दिलं. थंडगार, किंचित आंबूस. मी दोन वाट्या प्यायले. त्यात किती ग्रॅम पिष्ट होतं, ते मोजलं नाही.

दुसऱ्या गच्चीच्या वेळी मी कतला केला, कैरी घालून, तिने सांगितला तसा. बंगाली काकूंनी डोक्याचा भाग स्वतःच्या पानात ओढून घेतला आणि म्हणाल्या, ‘पचास साल लगे तुम लोगों को.’ सिस्टरनी काटे चोखून बाजूला रचले. भाताचं पातेलं माझ्यासमोरून गेलं तेव्हा मी एक घास घेतला, फक्त कालवणाला तळ मिळावा म्हणून. वजन सहा किलो उतरलंय आणि डॉक्टर म्हणतात, आता हळूहळू सैल करा.

परवा सुपेल्याच्या भैयाचा फोन आला. पंधरा तारखेला विशाखापट्टणमच्या होड्या सुटतील, पाच-सहा दिवसांत सुरमई पोचेल, नाव लिहून ठेवू का? मी म्हटलं, लिही. आणि सोळाच्या आत एक जिंदा ठेव, पोटाकडे भरलेला, दोन किलोच्या वरचा.