उत्तरपत्रिका परत द्या!

छत्तीस वर्षं वर्गावर काढली. पोरांचे पेपर तपासले, लाल शाईने चुका दाखवल्या आणि प्रत्येक पेपर ज्याचा त्याला परत दिला. "तू नापास, का ते विचारू नकोस" असं कुणाला म्हटलं असतं तर पालक शाळेत भांडायला आले असते. आणि बरोबरच होतं त्यांचं. मग मोटारीच्या बाबतीत हेच वाक्य आपण मुकाट्याने कसं काय ऐकून घेतो?

तर झालं असं. मे महिन्यात सोलापूरहून पुण्याला येत होतो. इंदापूर सोडलं आणि गाडीचा एसी गरम हवा टाकू लागला. थोड्या वेळाने थंड, पुन्हा गरम. आमच्या ह्यांची अँजिओप्लास्टी होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. त्यांचा शर्ट घामाने भिजला, चेहरा उतरला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. (नाशिकच्या वन्सं, "एसीचं एवढं काय मनाला लावून घेता" म्हणालात ना फोनवर, ते म्हणून!)

दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. कॉम्प्युटर जोडला आणि दहा मिनिटांत निकाल हातात. "मॅडम, क्लायमेट कंट्रोलचं मॉड्यूल गेलंय. बदलावं लागेल. सव्वीस हजार."

"कशावरून?"

"एरर कोड आलाय."

"कोणता?"

"ते तुम्हाला नाही कळणार."

मी मराठी माध्यमातली बीए, विजेचं मला कळत नाही हे कबूल. पण मला कळणार नाही हे परस्पर ठरवणारे तुम्ही कोण? गाडी तशीच घेऊन परत आले.

माझा एक जुना विद्यार्थी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. वर्गात मागच्या बाकावर बसायचा. त्याने मला समजावलं ते इतकं सोपं होतं की सातवीच्या मुलालाही कळावं.

आपण २४ अंश लावून मोकळे होतो. पुढचं सगळं ते मॉड्यूल पाहतं. गाडीतली हवा किती गरम, बाहेर किती, काचेतून ऊन किती येतंय, आणि हवा गार करणारी जाळी, म्हणजे कूलिंग कॉइल, किती थंड झाली, हे त्याला निरनिराळे सेन्सर कळवतात. त्यावरून ते पंख्याचा वेग ठरवतं, गरम-गार हवा मिसळणारी झडप छोट्या मोटरने फिरवतं आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करायला लावतं.

तापमानाच्या सेन्सरची गंमत अशी, की उष्णता वाढली की त्याचा विद्युतरोध कमी होतो. मॉड्यूल एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट देतं आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते मोजतं. खरं तापमान कितीही असो, आकडा मधेच कुठेतरी यायला हवा. वायर तुटली तर तो जवळजवळ ५ होतो, वायर बॉडीला चिकटली तर जवळजवळ शून्य. मॉड्यूल ओळखतं, हे तापमान नव्हे, हा विजेचा बिघाड. मग ते त्या बिघाडाचा कोड स्मृतीत नोंदवतं आणि सांभाळून घेतं. गाडीतल्या हवेचा सेन्सर गेला तर बरीच मॉड्यूल्स एक ठरावीक आकडा धरून काम चालू ठेवतात. पण कॉइलचा सेन्सर गेला तर कॉइलवर बर्फ साचेल या भीतीने कॉम्प्रेसर बंद ठेवतात. म्हणजे बघा, यंत्र स्वतःहून कबुली देतंय, तारतम्यही राखतंय. लपवाछपवी करतोय तो माणूस!

आमच्या गाडीत नोंद होती ती कॉइलच्या सेन्सरच्या सर्किटची. सर्किटची, मॉड्यूलची नव्हे. सेन्सर, वायर, कनेक्टर किंवा मॉड्यूल, दोष चौघांपैकी कुणाचाही असू शकतो. त्याने मीटर लावला. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली होती, पाणी आत झिरपून कनेक्टर हिरवा पडला होता. खड्डा आला की संपर्क तुटायचा. पायाखालची मॅट ओली लागते हे मी सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलंही होतं, पण ऐकतो कोण? नळी साफ, कनेक्टर साफ, सातशे रुपये. मॉड्यूल बिचारं शाबूत होतं.

आता कुणी म्हणेल, एका अनुभवावरून एवढा त्रागा कशाला? प्रश्न एका सर्व्हिस सेंटरचा नाहीच. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नाहीत म्हणून. पुढे अपिलं झाली, ते असो. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्यातही मोटारी आहेत. तरी एसीचे कोड पुष्कळदा कंपनीचे खास असतात, बाजारातल्या स्वस्त यंत्राला ते वाचताच येत नाहीत. उत्तरपत्रिका माझी, आणि कुलूप त्यांचं!

दुसरी बाजूही मांडते. वायर शोधत बसायला वेळ लागतो, त्याचे पैसे कुणी देत नाही, गिऱ्हाइकाला तर गाडी संध्याकाळी हवी. खरं आहे. मग तपासणीची फी उघड लावा, मी आनंदाने देईन. डॉक्टरांची देतेच की! पण न तपासता भाग बदलणं याला निदान म्हणू नका. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यातला तो प्रकार.

माझ्या मागण्या तीनच. कोड आणि त्याचा अर्थ कागदावर लिहून द्या. भाग बदलण्याआधी काय मोजलं ते सांगा. काढलेला जुना भाग परत द्या. आणि वाचकहो, तुम्हीही "आपल्याला काय कळतंय" म्हणून सही करू नका. न कळणं हा गुन्हा नाही, न विचारणं हा मात्र आहे. हे मी वर्गात हजारदा सांगितलं असेल. सत्तरी उलटल्यावर स्वतःला सांगायची वेळ आली, एवढंच.

हे आता ठणठणीत आहेत. एसीसुद्धा.