पेरणीयंत्राची परीक्षा गुंठ्यावर घ्यावी

कोल्हापूरकडील शेतकरी मापाच्या बाबतीत गाफील आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. बाजारात गुळाचा रवा काट्यावर चढला की त्याची दृष्टी काट्यावरून ढळत नाही; दूध संस्थेत फॅट किंचित कमी लागली तरी तो जाब विचारल्यावाचून राहत नाही. परंतु ज्या जनावरांचे ते दूध, त्यांच्या वैरणीचे बी पेरताना तोच शेतकरी यंत्राच्या दांडीवरील आकड्यावर विसंबून स्वस्थ बांधावर उभा राहतो. ही विसंगती दूर झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूर्वी कुरीच्या चाड्यावर जाणत्या माणसाची मूठ असे. बी जास्त सुटते असे दिसताच ती मूठ पुढल्याच पावलाला आवळली जाई. यंत्रास ही जाण नाही. पहिल्या तासातील चूक ते शेवटच्या तासापर्यंत बिनबोभाट चालविते. शिवाय दांडीवरील आकडा म्हणजे वजन नव्हे. बियाचा आकार, त्यातील ओल व यंत्राची झीज यांप्रमाणे एकाच आकड्यावर निरनिराळे बी पडते.

यावरील उपाय आपल्या गुंठ्यातच आहे. बियाण्याची शिफारस दर हेक्टरी छापलेली असते. हेक्टरचे १०० आर होतात आणि गुंठा आराहून किंचितच मोठा. यास्तव त्या आकड्यास १०० ने भागले की गुंठ्याचे बी मिळते. ओटचे हेक्टरी १०० किलो म्हणजे गुंठ्यास १ किलो. लसूणघासाचे २५ किलो म्हणजे गुंठ्यास पाव किलो.

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. समजा, यंत्राचे ७ फण एकेक फुटावर आहेत व बी सोडणाऱ्या चाकाचा घेर ५ फूट आहे. मग चाकाच्या एका फेऱ्यात ३५ चौरस फूट व ३१ फेऱ्यांत गुंठा पेरला जातो. चाक अधांतरी उचलून, प्रत्येक नळ्यास पिशवी बांधून, ते ३१ वेळा फिरवावे आणि बी तोलावे. ओट १ किलो भरला तर दांडी योग्य. १,२०० ग्रॅम भरला तर एकरी ८ किलो बी अधिक जाणार. पिशव्या निरनिराळ्याही तोलाव्यात. प्रत्येकीत सुमारे १४३ ग्रॅम हवे. एखादी फार हलकी भरल्यास नळा तुंबला आहे काय ते पाहावे. शेवटी पिशव्या तशाच बांधून शेतात १५६ फूट यंत्र चालवावे, कारण मऊ भुईत चाक घसरते व बी कमी पडते.

यंत्र भाड्याचे, वापसा निघून जाईल, इतका वेळ कोठला, अशी सबब पुढे येते. परंतु हे काम आदल्या सायंकाळी अंगणात होण्यासारखे आहे. उलट बी विरळ पडले तर रान तणास आंदण जाते, दाट पडले तर काडी बारीक राहून वैरण लोळते. त्या वेळी वापसाही परत येत नाही.

भाड्याने यंत्र देणाऱ्याने सोबत तराजू व पिशव्या आणाव्यात, आणि वजन डोळ्यांनी पाहिल्यावाचून शेतकऱ्याने यंत्र शेतात घालू देऊ नये. जो काटा माल विकताना लागतो, तो बी मातीत टाकतानाही लागला पाहिजे.