झाली की देऊ!

दिवाळीच्या आधी स्वयंपाकघरात डोकावून “आई, चकली झाली का गं?” असं किती वेळा विचारता? आणि उत्तर काय मिळतं? “झाली की देईन!” संगणकाच्या जगातही अगदी हेच उत्तर देणारी एक मंडळी आहे. तिचं नाव डेबियन.

१९९३ साली अमेरिकेतल्या इयन मरडॉक या विद्यार्थ्यानं हे काम सुरू केलं. डेब्रा या मैत्रिणीचं आणि स्वतःचं नाव जोडून त्यानं ‘डेबियन’ हे नाव तयार केलं. डेबियन ही संगणक चालवणारी प्रणाली. ती फुकट मिळते, आणि तिचा सोर्स कोड, म्हणजे पदार्थाची कृतीच म्हणा ना, सगळ्यांना खुली असते. वाचा, बदला, इतरांना वाटा! ती बनवतात जगभरचे स्वयंसेवक.

तिच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात. त्यातला खेळणी मोडणारा सिड आठवतो? जिथे रोज नवे प्रयोग चालतात, त्या कच्च्या आवृत्तीचं नाव कायम सिडच!

नवी आवृत्ती जवळ आली की ‘फ्रीज’ जाहीर होतो. म्हणजे आता नवं काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. गंभीर चुकांची यादी कुणालाही बघता येते. ती आटोक्यात आल्याशिवाय आवृत्ती बाहेर पडत नाही.

पण वाट बघणं सोपं नसतं हं! ‘वुडी’ आली जुलै २००२ मध्ये. पुढची ‘सार्ज’ लांबतच चालली. त्यातच एप्रिल २००४ मध्ये सभासदांनी मतदान करून आपलं वचन आणखी कडक केलं. डेबियनमधले प्रोग्रॅमच नव्हे, तर सगळं काही, अगदी माहितीपुस्तिकासुद्धा, मुक्तच असली पाहिजेत! झालं, मोठा पेच पडला. काही पुस्तिका या नियमात बसेनात. त्या आत्ताच काढायच्या तर सार्ज आणखी रखडणार. न काढाव्यात, तर कालच दिलेला शब्द मोडणार. कडाक्याचा वाद झाला. शेवटी पुन्हा मतदान झालं आणि ठरलं, की आधी सार्ज येऊ दे, नवा नियम त्यानंतर लागू करू. अखेर ६ जून २००५ ला सार्ज आली. जवळजवळ तीन वर्षांनी!

यातली गंमत लक्षात आली का? नियम कुणी गुपचूप गुंडाळून ठेवला नाही. अडचण सगळ्यांसमोर मांडली आणि सगळ्यांना विचारूनच निर्णय घेतला. उशीर झाला, पण तो का झाला हे कुणापासून लपलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ट्रिक्सी’ आली. तिच्यानंतरच्या आवृत्तीचं नाव ठरलंय ‘फोर्की’. आणि हो, डेबियन संगणकावर बसवताना भाषांच्या यादीत आपली मराठीही दिसते! तिथे एखादा शब्द चुकीचा वाटला तर बिनधास्त कळवा. तीही चूकच, आणि ती शोधायला प्रोग्रॅमिंग यायलाच हवं असं नाही.

जाता जाता एक प्रश्न. २००४ साली तुम्हाला मत असतं, तर तुम्ही काय निवडलं असतं, दिलेला शब्द की वाट बघणारी माणसं? आज जेवताना घरी विचारून बघा. वाद रंगला नाही तर सांगा!